मधली कडी

आचऱ्याच्या तिठ्यापलीकडे, मासळी सुकवायच्या खळ्यात
इनास मेस्तने आमची गाडी आणि घर
दोन्ही वेगवेगळी उभी करायला लावली.
घर म्हणजे चाकांवरची खोली, बारा फूट, पांढरा पत्रा,
यदूने अडीच वर्षं खपून केलेली.
कुणकेश्वरच्या अलीकडे, पहिल्याच उतारावर
तिने मागून अशी शेपटी हलवली
की स्टिअरिंग माझ्या हातात होतं, एवढंच.

इनास आत डोकावला. बाहेर आला.
"पाटो-वरवंटो मागे कित्याक टाकलास, वयनी?
नि पाण्याची टाकी? गाडी उलाळ झाली हा."

उलाळ. चाळीस वर्षांत ऐकला नव्हता हा शब्द.
त्याचा बाप चिऱ्यांची बैलगाडी हाकायचा.
मागे एक चिरा जास्त झाला की जू मानेवरून उठायचं,
पुढे जास्त झाला की बैल गुडघ्यावर यायचे.
"बैल सांगत. मोटार सांगणा नाय."

पाटा पुढे आला, पलंगाखाली. टाकी अर्धी रिकामी.
मग टेप. फिलू, त्याची भाची, वाळूत गुडघे टेकून
पुढच्या चाकाच्या कमानीपासून खाली मोजते:
साडेएकतीस. मी खडूने दारावर लिहिते.
दांडीची वाटी गोळ्यावर बसली
आणि बोनेट उचललं गेलं. तेहतीस.
हेडलाइट माडांच्या शेंड्यांकडे बघायला लागले.
मागची चाकं दबलेली, पुढची नुसती टेकलेली.

यदू गडग्यावर बसून बघत होता,
उजवा हात मांडीवर, मी ठेवला तसा.
फेब्रुवारीपासून त्याचा सगळा भार डाव्या पायावर,
थोडा काठीवर.
उरलेला किती, ते आम्ही मोजलेलं नाही.

इनासने गोळ्याच्या मानेत दोन वायसर वाढवले.
पोलादी पट्ट्या, ग्रीस फासून, दोन्हीकडून सरकवल्या;
टोकाला साखळ्या.
"आता जॅक फिरवा. गाडी नि घर, दोघांक एकदम उचला.
हलक्या करून मगे साखळ लावची.
जड असताना झोंबलास तर हाड मोडात."

फिलू नळी घेऊन उभी.
"खंयची कडी?"

यदूने मोजायला घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं.
"एक. दोन. तीन. चार. पाच."
थांबला.
जीभ दातांमागे काहीतरी चाचपत राहिली.
सुक्या बांगड्यांवर एक कावळा उतरला, त्याला कोणी हाकललं नाही.
"सात."

इनासने पाचवी घातली. जॅक खाली. साडेबत्तीस.
"ढिली."
पुन्हा जॅक वर. सातवी घातली. एकतीस.
"आता नाक मातयेत."
मग तो यदूकडे बघत म्हणाला, "ह्येंच्या मधली,"
आणि तिचं नाव काही घेतलं नाही.
एकतीस आणि सहा सूत.
पाव इंच वर राहू दे, म्हणाला,
घर जोडल्यावर काही जोडलंच नाही असं दाखवायचं नसतं.
(हे मी माझ्या भाषेत लिहिते आहे;
तो म्हणाला, "ऱ्हवांदे तितक्या.")

निघताना वळणावर साखळ्या कण्हल्या.
मी खिडकीतून मागे बघितलं.
"आवाज येवक होयो!" तो ओरडला.
"गप ऱ्हवली तर समजा सुटली!"

सड्यावर चिऱ्यांचा ट्रक आला, शेजारून वारा कापत गेला.
मी दात आवळून शेपटीची वाट पाहिली.
आली नाही.
"चाक," यदू म्हणाला.
हल्ली तो चहाला चावी म्हणतो, मला कधी ताई.
मी हो म्हटलं.
"चाक." डाव्या तळव्याने डॅशबोर्डवर दोनदा.
"चाक. चाक."

थांबले. उतरले.
जॅकचं छोटं चाक मी पूर्ण वर घेतलंच नव्हतं,
जमिनीपासून दोन बोटं, लाल धुळीने माखलेलं.
तिथेच बसून फिरवायला लागले.
आतून तो फेरे मोजत होता,
चुकत, पुन्हा पहिल्यापासून.