अडतीस मिनिटं

विल्फ्रेड ऑर्मरॉडचा दिवस
चोवीस तास अडतीस मिनिटांचा.
हे मी त्याच्या लघवीवरून सांगते.
मोरकमहून बाटल्या यायच्या शीतपेटीत,
दर चार तासांची एक, झोपेची एक मोठी,
आणि लँकेस्टरच्या तळघरात, रात्रपाळीला,
मी त्यांत रात्र शोधायची.
रात्र म्हणजे मेलाटोनिन,
किंवा यकृतातून गेल्यावर त्याचं जे उरतं ते.
अंधार मोजता येतो. नॅनोग्रॅममध्ये.

तीस वर्षं त्याने खाडीत कोळंबी धरली,
ओहोटीच्या वाळूत, ट्रॅक्टरमागे जाळं ओढत.
मग काचबिंदू, मग डोळेच काढले.
लोकांना वाटतं, गेलं ते फक्त दिसणं.
डोळ्यांना आणखी एक काम असतं, बिनबोभाट:
रोज सकाळी मेंदूतल्या घड्याळाचा काटा
जरासा पुढे ढकलायचा.
ते राहिलं की घड्याळ बंद पडत नाही,
आपल्या चालीने चालतं.
आज अकराला झोप, परवा सव्वाबाराला,
वीस दिवसांनी ऐन दुपारी,
अडतीस दिवसांनी पुन्हा जगाच्या रात्रीशी गाठ.

"भरती रोज पन्नास मिनिटं मागे पडते," तो म्हणाला,
"मी अडतीस.
म्हणजे ना सूर्याचा, ना चंद्राचा."
त्याचा दिवस सरकत माझ्या रात्रपाळीत आला होता तेव्हा,
पहाटेचे तीन,
बाटलीची आठवण करायला मी फोन केला
आणि ठेवलाच नाही.
त्याला श्रीवर्धनचा हिशेब सांगितला:
तिथीची पाऊणपट करा,
येईल ती पूर्ण भरतीची वेळ.
वडिलांनी तेवढ्यावर लाँच चालवली.
आठवडाभर तो बंधाऱ्यावर कान देऊन बसला.
"वीस मिनिटांनी चुकतं," म्हणाला, "तुझ्या बापाला सांग."
वडील नाहीत, हे मी बोलले नाही.

पुढे गोळ्या सुरू झाल्या. रात्री नऊला, अर्धा मिलिग्रॅम,
किंवा नुसती साखर.
कुठली, ते ना त्याला ठाऊक ना मला.
अशा चाचणीला आम्ही दुहेरी अंध म्हणतो.
म्हणताना मी चाचरले.
"चला," तो म्हणाला, "सोबत झाली."

अकराव्या आठवड्यात
कागदावर तिरकी धावणारी त्याची रेषा
उभी राहिली.
उभीच राहिली.
हेदरिंग्टन बाई केक घेऊन आल्या.
विल्फ्रेड आता साडेदहाला झोपतो,
नातवाला शाळेत सोडतो, चर्चमध्ये जागा असतो.
मी आनंदले, खरंच.
फक्त पहाटे तीनला
सेंट्रिफ्यूजची घरघर जरा जास्तच ऐकू येऊ लागली.

गेल्या मंगळवारी फोन वाजला,
तीन वाजून वीस मिनिटं.
"गजर लावून उठलोय," कुजबुजला, "बायको झोपलीय.
ऐक."
आणि फोन खिडकीबाहेर धरला असावा,
कारण बराच वेळ नुसतं पाणी होतं,
दगडांवर येणारं, सावकाश.
"भरलं. तुझे वीस वजा केले तर तीन.
म्हणजे तुमची आज चौथ."
मी कॅलेंडर काढलं.
चौथच होती.

त्या रात्रीचा ठिपका रेषेच्या बाहेर पडलाय.
रकान्यात लिहायचं असतं, झोपमोड, कारण.
अजून लिहिलेलं नाही.