चौथा हिवाळा

एकवीस वर्षांनी त्यांचा नवा अल्बम येतोय,
शुक्रवारी.
केमी गावात ही बातमी फुटली
ओस्मोच्या दुकानातून, त्याच्या ओल्या मिशीतून,
आणि मी बर्फ ढकलायची गाडी भररस्त्यात उभी करून
खाली उतरले. मागे सात मोटारी भोंगे वाजवत होत्या.
वाजवू देत. एकवीस वर्षं थांबलोय आम्ही,
तुम्ही पाच मिनिटं थांबा.

बँडचं नाव चौथा हिवाळा.
कागदगिरणीतली चार पोरं.
आता गिरणी नाही, पोरंही तीनच उरलीत.
ड्रम वाजवणारा युस्सी दोन वर्षांपूर्वी
गोठलेल्या नदीवर मासे धरता धरता
बसल्या जागी गेला. गळ पाण्यातच.

ओस्मोला हवी आहे जुनीच आरोळी,
दुसऱ्या अल्बमवरची, जिच्यामुळे
त्याच्या आईची बशी तडकली होती.
बशी त्यानं जपून ठेवलीय, पुरावा म्हणून.
"आवाज उतरला असेल तर पैसे परत मागणार," म्हणतो.
कुणाकडे मागणार? दुकान त्याचंच.

हिल्का दातांच्या दवाखान्यात
दिवसभर परक्यांचे वासलेले जबडे बघते.
तिला आरोळी नकोच.
"साठीचा माणूस विशीसारखा ओरडायला लागला
तर आधी त्याची कवळी तपासेन मी.
गुडघ्यांवर गाणं करा म्हणावं.
रात्री तीनला जाग येते, तिच्यावर करा."

आणि पाव्हो, वय सतरा.
बापाचं जाकीट घालून येतो, बाह्या बोटांच्या खाली.
त्याला फक्त एवढंच कळायला हवंय
की बापाला यांच्यात दिसायचं तरी काय.

मला?
मला विचारू नका.
बरं, विचारा.
माझ्या भावानं, एरोनं, एक कॅसेट भरून दिली होती
त्र्याऐंशी साली.
शेवटच्या गाण्यात फीत संपली:
नदी मोकळी होईल तेव्हा मी—
खट्.
पुढे मी अख्खी रेकॉर्ड विकत घेतली, शंभरदा ऐकली,
त्यानंतरचे शब्द मला पाठ आहेत.
तरी माझ्या कानात ती ओळ अजून तिथंच तुटते,
आणि त्या खट्पाशी एरोचं बोट असतं,
नखात काळं वंगण.
तो बोटीवर कामाला गेला. पत्रं आली,
मग नाही आली.
तर या तीन म्हाताऱ्यांनी ती ओळ पुरी करावी,
असं मला वाटतं. त्यांच्या लेखी ती तुटलेलीच नाही.

शुक्रवारी उणे सव्वीस.
दुकानात अकरा माणसं आणि हिल्काचा कुत्रा.
ओस्मोनं कोऱ्या रेकॉर्डवरची नसलेली धूळ पुसली,
सुई ठेवली.
आधी काहीच नाही.
मग कुणीतरी खोकलं.
आम्ही एकमेकांकडे वळून बघितलं, कोण रे तो?
खोकला रेकॉर्डमधला होता.
त्यांनी तो काढला नव्हता.
मग गाणाऱ्यानं हळूच मोजलं: एक, दोन, तीन.
चार म्हणालाच नाही.
चारच्या जागी एका ठोक्याएवढी
मोकळी जमीन,
आणि तिच्या पलीकडे गिटार.

"ड्रम कमी पडतायत," ओस्मो म्हणाला,
आणि मिशी पुसू लागला. आज ती कोरडी होती.
पाव्होनं बाह्या कोपरापर्यंत सारल्या.
हिल्का कुत्र्याला उगाच ओरडली.

खरं सांगायचं तर दुसरं गाणं मला नाही आवडलं.
तिसरं लांबलंय.
चौथं सुरू व्हायच्या आत माझी ड्युटी लागली.

रेकॉर्ड शेजारच्या सीटवर ठेवलीय, पट्टा लावून.
बंदराच्या रस्त्यावर वीतभर बर्फ साचलाय,
पातं खाली सोडलंय, जपून चालवतेय.
उरलेली सहा गाणी
मी इतक्यात ऐकणार नाही.