पंचेचाळीस इंच

मंठा चौफुलीच्या अलीकडं, टायरवाल्याच्या मागं
माझं शेड. पाटी नाही.
सायलेन्सर फुटलेला माणूस लांबूनच कळतो,
लोकच त्याला बोट दाखवतात.

त्या दिवशी आली ती जमिनीला पोट घासत,
तांबडी, दोन दारांची, दोनच माणसांची.
गतिरोधकावर उंट बसावा तशी
टप्प्याटप्प्यानं उतरली.
सरकीवाले निर्मल बाकलीवाल म्हणाले,
"बाहेर थोडा राहू दे, आत नको.
समृद्धीवर एका वेगाला लागली की
डोक्यात गिरणी सुरू होते."

शेजारी बसलो. शोएबचा मोबाईल मांडीवर, आकडा ब्याऐंशी.
मी दातावर दात ठेवले.
अकरा वर्षं रोलिंग मिलमध्ये काढली,
डावा कान तिथंच राहिला लाल सळयांपाशी,
तेव्हापासून बारीक तपास दाढांकडं.
बावीसशे फेऱ्यांवर दाढा गुणगुणल्या.
अठराशेला नाही, पंचवीसशेला नाही.
आवाजाचंही एक गाव असतं,
तेवढ्याच गावात तो भाव खातो.

आधी सोपं ते केलं.
दारांच्या पोटात डांबरी पत्रे, रोलरनं दाबून दाबून,
सीटखाली जाड नमदा,
पाइपाचे रबरी टेकू वाळून कडक झालेले, ते बदलले.
वारा बंद झाला, टायर लांब गेले.
घुमणं तिथंच,
जेवून झालं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं.

मग फांदी.
शोएबला म्हणलं, मोठ्या पाइपाला बाजूनं एक नळी जोड,
पंचेचाळीस इंच, टोक बंद.
"मग धूर जायचा कुठं?"
धूर सरळ जाईल, त्याची वाट मोकळीच आहे.
आवाज तेवढा आत शिरतो, भिंतीला डोकं लावतो,
माघारी फिरतो, आणि तोंडाशी
त्याला मागून आलेला त्याचाच भाऊ भेटतो,
उलट्या पावलांचा.
दोघं एकमेकांना गिळतात.
शोएब बंद टोकाकडं बघतच राहिला.
"म्हणजे गप्प करायलाबी आवाजच लागतो का, उस्ताद?"
"वेल्डिंग कर."

निधोन्यापाशी समृद्धीवर चढलो.
काटा बावीसशेवर, दाढा गप्प, आकडा अडुसष्ट.
बाकलीवालांना स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.
हसले. पैसे वरून दिले.

सतरा दिवसांनी परत.
इंजिन बंद केलं, पण उतरले नाहीत.
"थोडा आवाज परत देता येईल का?"
मला वाटलं उजवाही गेला.
"नागपूरला मामांकडं बैठक असते, जिनिंगच्या वाटणीची.
अभय शेजारी. धाकटा माझा.
चार तास जायला, चार यायला.
आधी गाडीच बोलायची.
आता तो गिळतो तेही ऐकू येतं.
काहीतरी म्हणायचं असतं त्याला."
"मग?"
"मग मी काच खाली करतो."

नळी मी कापली नाही. शोएबचं पहिलं चांगलं वेल्डिंग होतं ते.
फांदीच्या तोंडात एक झाकण बसवलं,
जुन्या लुनाची चोक केबल
गिअरच्या बाजूला काढून दिली.
"ओढली की घुमेल. सोडली की गप्प.
पुढचं तुमचं तुम्ही बघा."
मजुरी घेतली. केबलचे नाही घेतले.

दिवाळी झाली, सरकीचा हंगाम आला, गेला.
गाडी दिसते कधीमधी.
शेडच्या लोखंडी खांबाला हात टेकवून मी थांबतो,
कधी खांब सांगतो, कधी नाही.

परवा दोघं होते आत.
धाकटा हातवारे करून काही सांगत होता,
थोरल्याची मान रस्त्याकडं,
काचा वर.
चौफुली ओलांडून गेली.
शोएबनं ओरडून विचारलं,
"केबल ओढलेली होती का सोडलेली?"

ग्राइंडर चालू होता त्याचाच.
काय सांगू.