पाचर

पिरनवाडी मागे पडली की चाळीसला सुरू व्हायचं.
आधी आरसा थरथरायचा, मग सीट,
मग माझे दात.
पन्नासच्या पुढे आपोआप थांबायचं
की मीच घाबरून पाय काढायचो,
कधी कळलं नाही.

जीप मीच उचलली होती. चार इंच.
जांबोटीच्या पुढे तांबड्या चिखलात
पोट घासू नये म्हणून.
नवे पाटे, लांब यू-बोल्ट, आणि मागच्या हौजिंगखाली
आठ अंशांची जाड पाचर:
पिनियनचं तोंड वर, थेट गिअरबॉक्सकडे.
एकमेकांकडे नीट बघतील
तर भांडणार कशाला, असा माझा हिशेब.

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या जळक्या वाळूच्या वासात,
नीलव्वा बडिगेरनं खाली वाकून बघितलं
आणि बराच वेळ काही बोललीच नाही.
मग म्हणाली,
"जॅक काढा आधी.
लोंबकळत्या गाडीचं माप काय घेऊलायसा?
चाकं भुईवर पायजेत. आणि तुम्ही आत बसा.
रोज कोण बसतंय? तुम्हीच की."

बसलो. स्टिअरिंग धरून, कुठेही न जाता,
आपलंच वजन देत.

खालून तिचा आवाज यायचा, आकडे कानडीत:
मूरु. एंटु. एंटु.
परशा शटरवर खडूनं मराठीत उतरवायचा:
गिअरबॉक्स तीन, खाली. शाफ्ट आठ. पिनियन आठ, वर.
मधल्या मधे एकही आकडा सांडला नाही.

बाहेर आली, हात पुसत.
"पुढच्या क्रॉसात पाचाचा वाक.
मागच्यात शून्य.
वाकलेला क्रॉस एका फेऱ्यात दोनदा पळतोय, दोनदा रेंगाळतोय.
त्याला कोण दोष देणार? पण पुढच्यानं जे पळवलं
ते मागच्यानं रेंगाळून फेडायला पायजे.
तुमचा मागचा सरळ उभा. फेडणार कशानं?"

मी म्हटलं, पण तोंडाला तोंड...
"तोंडाला तोंड नको हो.
हा तीन खाली, तो तीन वर.
दोघांनी आपापल्या जागी तेवढंच वाकायचं.
बघायचं नाही एकमेकांकडे."

आमच्याकडे पाचर मारली म्हणजे
कुणाचं तरी ठरलेलं मोडलं.
माझ्या चुलत्यानं दोन सोयरिकी अशाच घालवल्या.
तिनं मात्र लेथवर एक पाचर चढवली,
फिक्या पिवळ्या पितळेची,
चिमटीत धरली तर सपाटच वाटावी अशी.
"दोनच?" मी विचारलं. "तीन पायजे होते ना?"
"जोर लावला की पाटे पिळतात,
पिनियन नाक वर करतं. एक अंश ते स्वतः घेणार.
त्याच्यासाठी ठेवलाय."

शाफ्ट चढवताना दोन्ही टोकांचे काटे
एका रेषेत आले का बघितलं,
पांढरी रेघ ओढली आरपार.
मग यू-बोल्ट, आलटून पालटून,
पाना तिच्या वजनाखाली कुरकुरत.
"साकु," ती स्वतःलाच म्हणाली.
बास झालं की आम्हीही तेच म्हणतो आता,
घरी, भात वाढताना.

संध्याकाळी खानापूर रोडला घेऊन गेलो.
मच्छे. पिरनवाडी.
चाळीस.
आरशातली चिंचेची झाडं जागच्या जागी,
एकेक पान मोजून घ्यावं अशी.
पन्नास. पंचावन्न.
दात माझे मलाच परके वाटले.

आणि त्या शांततेत,
पहिल्यांदाच,
मागच्या फाळक्याची साखळी ऐकू आली,
ढिली, बारीक, टिंग टिंग;
किती वर्षं वाजत होती कोण जाणे.

गाडी वळवली.
शटर अर्धं खाली आलं होतं,
खडूचे आकडे अर्धे आत, अर्धे बाहेर.
नीलव्वानं इंजिन नव्हे, माझं तोंड ऐकलं
आणि हात धुता धुता विचारलं,
"आता काय वाजतंय?"