वाळा नसलेला कूलर

मे महिन्याच्या अकरा तारखेला, दुपारी सव्वातीनला,
भालोदच्या बंगल्याचं रेंडर एकसष्ट टक्क्यांवर होतं
आणि माझं यंत्र बंद पडलं.
धूर नाही, आवाज नाही.
एखादा पाहुणा अर्ध्या ताटावरून उठतो तसं.

प्रोसेसर शंभर अंशांवर.
बाहेर भुसावळ सेहेचाळीसवर.
खोलीत, पत्र्याच्या कूलरसमोर, सदतीस.
पाच पूर्णांक दोन गिगाहर्ट्झ मीच मागितले होते त्याच्याकडे,
डिसेंबरात, स्वेटर घालून.
डिसेंबरात माणूस काहीही मागतो.

जळगावला गोलाणी मार्केटातल्या पोरानं खोकी मांडली.
दोनशे चाळीस, दोनशे ऐंशी, तीनशे साठ.
सोळा लाख रंगांचे दिवे, म्हणाला.
मी विचारलं, पंप किती वर्षं चालतो?
तो म्हणाला, ताई, याला छोटा डिस्प्लेपण आहे,
फोटो लावता येतो.
कोणाचा फोटो लावू मी प्रोसेसरच्या छातीवर?
खोक्यावरचे सगळे आकडे
पंचवीस अंशांच्या खोलीत मोजलेले.
ही खोली कुठल्या गावात आहे, त्यालाही माहीत नव्हतं.
मी रिकाम्या हातानं परत आले.

रात्री ओट्यावर नेहते काकांना चित्र दाखवलं.
एकतीस वर्षं दीपनगरला, कूलिंग टॉवरच्या पाण्यापाशी गेली त्यांची.
त्यांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं,
नळ्या कुठून निघतात, कुठं जातात, नखानं गिरवलं.
"पानी थंडं करत नही वं बाई.
पानी नुस्तं उचलतं, आन् दुसरीकडे ठेवतं.
ठेवाची जागा मोठी पाह्य.
आन् पंप सगळ्यात वर नको ठेवू.
हवा वर जमते, मंग तो कोरडा फिरतो, रडतो."
मग बराच वेळ फेकरीच्या बाजूला बघत राहिले.
तिकडे अंधारात पांढरी वाफ चढत होती.

तीनशे साठच घेतला.
कॅबिनेटात मावेना. दोन सेंटिमीटर.

आतलं सगळं काढून चादरीवर पसरलं,
रिकामा डबा स्कूटीवर पायांत धरून
जामनेर रोडला गुलशेर तडवी मिस्तरींकडे गेले.
त्यांच्या दारात नवे कूलर रांगेनं उभे, रंग ओला,
माणसाला मान वर करायला फुरसत नाही.
तरी त्यांनी रेडिएटर हातात घेतला, नाकापाशी नेला.
"याच्यात वाळा कुठंय?"
नाही.
"पानी कुठून भरता?"
भरत नाही. आतच असतं, कायमचं.
"मंग सडत नही?"
मला सांगता आलं नाही.
ते हसले नाहीत. खडूनं रेघ मारली, ग्राइंडर चालवला,
कडा हातोडीनं मुडपल्या,
कापतं का ते आधी स्वतःच्या अंगठ्यावर पाहिलं,
आणि साठ रुपये घेतले.
"चाललं नही तर सांग. माझा घेऊन जा, वाळ्याचा."

आता एक्क्याऐंशी अंश.
पाच पूर्णांक दोनचे पाच केले, तेही खरं.
भालोदच्या बंगल्याचा जिना त्यामुळे
नऊ मिनिटं उशिरा उगवला,
आणि मालकाला फक्त टाइल्सचा रंग आवडला नाही.

रात्रीचे अडीच.
पत्र्यातल्या त्या भोकातून गरम वारा निघतो,
टेबलावरच्या कागदाचा कोपरा उचलतो,
खिडकीतून गल्लीत जातो.
दीपनगरला कोळसा जळतो, वीज माझ्या भिंतीत येते,
दोन काळ्या नळ्यांतून फिरते
आणि बाहेर पडते ती थेट
नेहते काकांच्या बाजेपाशी.
ते कूस बदलतात.

ठेवायची जागा मोठी पाहिजे, ते म्हणाले होते.
केवढी, ते विचारायचं राहिलं.
सकाळी विचारीन.
आत्ता झोपलेत,
ओला पंचा छातीवर पसरून.