वर जाणारा वेग

टाय लावलेला मुलगा जिन्यावरूनच म्हणाला,
'तीनशे एमबीपीएस, काकू, तीनशे!'
मी दारात, हातात भेंडीची देठं.
विचारलं, यातला बी लहान की मोठा?
तो हसला. म्हणजे त्याला ठाऊक होतं.

लहान बी म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट.
तीनशेला आठाने भागा, उरतात साडेसदतीस.

बत्तीस वर्षं वजनमापं खात्यात गेली माझी.
पारड्याखाली चिकटवलेली चिंच
मला बोटाला कळते.
त्याच्या पत्रकात ती चिंच
'पर्यंत' या शब्दाखाली होती.
तीनशेपर्यंत.
पर्यंतमध्ये शून्यही बसतं.

दुसरी कंपनी म्हणे 'अमर्याद',
आणि तळाशी मुंगीच्या अक्षरात मर्यादा.
तिसरं पत्रक नव्हतंच. धुरी होता,
टागोर नगरातला जुना केबलवाला.
त्याने लाइटबिलाच्या पाठीवर लिहून दिलं:
खाली शंभर, वर शंभर. जीएसटी वेगळा.

वर किती, असं टायवाल्याला विचारलं
तर तो साहेबांना फोन लावायला गॅलरीत गेला.
परत येऊन म्हणाला,
'वर काय करायचंय, काकू?
सगळं खालीच तर येतं, सिनेमे, सामने, मालिका.'

आत कुंदा बसली होती, माझी धाकटी बहीण.
तिला जन्मापासून ऐकू येत नाही.
बोटांनी बोलते, भुवयांनी प्रश्न विचारते.
संध्याकाळी सहा ते आठ तिचा वर्ग:
लातूरची दोन मुलं, पेणची एक मुलगी,
आणि एक आजोबा, ज्यांचा कान गेल्या वर्षी गेला.
त्यांचे हात तिला लख्ख दिसतात.
तिचे हात तिकडे पोचेपर्यंत
चौकोन चौकोन होतात,
'पाणी' अर्ध्यावर थिजतं,
'उद्या' पुढे सरकतच नाही.
एकदा तिचा तळवा छातीजवळ तसाच राहिला
चार मिनिटं,
आणि मुलं शहाण्यासारखी वाट बघत बसली.

आवाज तुटला तर माणूस हॅलो हॅलो करतो.
हात तुटले तर काय करतात,
ते मला अजून कळलेलं नाही.

धुरीची वायर जांभळाच्या झाडावरून येते.
पालिकेची माणसं फांद्या छाटायला आली की तुटते,
हे त्याने पैसे घेण्याआधीच सांगितलं.
'तुटणार, ताई. पण फोन मीच उचलणार.'
मी तीन महिन्यांचेच दिले.
वर्षाचे नाही. खात्याची सवय.

पहिल्याच दिवशी मोजलं,
वायफायवर नव्हे, वायर थेट खोचून,
सात वाजता, सगळी इमारत जागी असताना.
वर: एक्क्याण्णव.
वहीत लिहिलं, नऊ कमी.
एवढी तूट आमच्या खात्यात चालत नसे.

कुंदाने विचारलं, काय झालं?
म्हणजे भुवया.
मी चिमटीने दाखवलं, वजन जरा कमी भरलं.
पण ती पडद्याकडे वळली होती.
पेणच्या मुलीने तिच्या 'उद्या'ला
'उद्या'नेच उत्तर दिलं होतं.