त्रेसष्ट नंबर

सावेरियु, शेळ्यांचं बरं चाललंय.
बोटीवर रात्रभर मी हेच वाक्य घोकते,
बास्तियाहून मार्सेय, पुढे दोन बस,
आणि तू समोर येऊन बसलास की
तेच आधी तोंडातून सांडतं.

तू बियान्काचं विचारतोस.
ती तिसऱ्याच हिवाळ्यात कड्यावरून गेली.
तिला मी आठ वर्षं जिवंत ठेवलीय,
दोनदा व्यायलीसुद्धा.
इतकी शेळी जगत नाही,
हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?
तरी विचारतोस.

गावाच्या पाटीवरचं सरकारी नाव
पोरांनी छऱ्यांनी चाळण करून टाकलंय.
खालचं आपल्या भाषेतलं तेवढं शाबूत.
धर्मशाळेसारख्या त्या पडक्या शाळेच्या भिंतीवर
तुझं नाव, माणसाहून उंच, काळ्या रंगात.
दर उन्हाळ्यात नव्यानं रंगवतात.
रंगवताना एकमेकांना हाका मारतात
त्या मात्र सरकारी भाषेत.
हे मी तुला सांगत नाही.

कोर्टात तू म्हणालास, मला तुमची भाषा येत नाही.
जज्जांनी दुभाष्या मागवला.
मग एक बाई उभी राहिली आणि
मेलेल्या माणसाच्या खिशातलं सगळं
किराण्याच्या यादीसारखं वाचत गेली:
किल्ल्यांचा जुडगा. हातरुमाल, न वापरलेला.
खोकल्याच्या गोळ्या.
एक पिवळी चिठ्ठी, नंबर त्रेसष्ट.
कशाची चिठ्ठी, कुणी विचारलं नाही.
पुढे बंदुकीचं सुरू झालं.

मला विचारलं होतं, त्या संध्याकाळी हा कुठे होता.
म्हटलं, गोठ्यात. रोजच्या वेळेला.
सड तटतटलेले, शेळ्या अंधारात ओरडत होत्या,
दुधानं जमीन भिजली होती
आणि तू आलास नऊ वाजता.
धारेला उशीर.
आयुष्यात पहिल्यांदा.
तुझ्याविरुद्ध माझ्याकडे एवढाच पुरावा होता.
तो मी गिळला.

गेल्या थंडीत बुटाचा तळ उचकटला
म्हणून ओत्ताव्युकडे गेले. म्हातारा आता थरथरतो.
दोरा ओवायला दिव्याखाली वाकला तेव्हा
वरच्या फळीवर दिसला
तपकिरी जोड, शहरी, अरुंद पायांचा,
टाचा नव्या, एकही पाऊल न चाललेल्या.
नाडीला पिवळी चिठ्ठी.
मी नंबर वाचला. परत वाचला.
ओत्ताव्यु म्हणाला, न्यायलाच येत होता तो.
चौक ओलांडला असता की झालं.
मग म्हणाला, पैसे राहिलेत.
मग काहीच म्हणाला नाही.
माझ्या बुटाचेही त्यानं घेतले नाहीत.

आज तू विचारलंस, गावात नवीन काय?
मी म्हटलं, ओत्ताव्यु दुकान बंद करतोय.
कुणी न नेलेले जोड वाटून टाकतोय.

तू हसलास. कित्येक महिन्यांनी.
‘माझ्या मापाचं काही असलं तर बघ,’ म्हणालास,
‘इथल्या बुटांत बोटं मरतात.’

शिपायानं घड्याळाकडे पाहिलं.
मी खाली वाकले, पिशवी घ्यायची म्हणून.
टेबलाला पुढून फळी ठोकलेली आहे.
तुझे पाय
दिसले नाहीत.